वाचक विचारतात: पोरगा गुमसुम झालाय, थांबू की दाखवू?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला आहे. दहावीला चांगले मार्क होते. दिवाळीपासून कॉलेजात जात नाही, रातभर जागा राहते, दोस्त आले तर मागच्या दारानं वावरात निघून जाते. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर त्यानं चिकटपट्टी लावली, कोणीतरी पाहून राह्यलं म्हणते. पंखा सुरू असला की त्यात आपलं नाव ऐकू येते म्हणते, अन् मग स्वतःच म्हणते, "तसं नसन बहुतेक, माय." सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, भगताकडे न्या. ह्यांचं म्हणणं, मोबाईल काढून घेतला की सुधरन. कापसाची वेचणी सुरू आहे, नागपूरला जायचं म्हणजे दोन दिवस मोडतात. हंगाम झाल्यावर गेलं तर चालेल का? (एक आई, दारव्हा तालुका)

उत्तर: ताई, हंगाम संपायची वाट पाहू नका, याच आठवड्यात दाखवा. आणि नागपूरच कशाला, यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेजात मनोविकार विभाग आहे, सकाळच्या एसटीनं निघालात तर संध्याकाळी घरी याल.

पण घाबरूनही जाऊ नका, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते त्याचं "तसं नसन बहुतेक". म्हणजे त्याला भास होतोय पण त्या भासावर शंका घ्यायची ताकद अजून शाबूत आहे. सायकोसिस म्हणजे खरं काय अन् मनातलं काय यातला फरकच सुटणं, ती शंकाच उरत नाही, मग पोरगं ठासून सांगतं की शेजाऱ्यानं कॅमेरा बसवलाय. तुमचा मुलगा कदाचित त्याच्या आधीच्या टप्प्यावर असेल, नक्की काय ते तपासल्यावरच कळेल. या टप्प्याकडे आधी कोणी फारसं लक्षच देत नव्हतं, १९९४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी आणि अ‍ॅलिसन युंग यांनी अशा पोरांसाठी वेगळं क्लिनिक काढलं आणि मग जगभर यावर काम सुरू झालं. त्यातून कळलं ते असं की या टप्प्यावर मदत मागायला आलेल्या चार-पाच जणांपैकी साधारण एकाला पुढच्या दोन-तीन वर्षांत सायकोसिस होतो, बाकीच्यांना होत नाही. म्हणून आत्ताच "वेडा झाला" असा शिक्का मारणं चूक. आणि "वय आहे, होईल नीट" म्हणून सोडून देणंही चूकच, कारण ज्याला होतो त्याचा उपचाराविना जितका काळ जातो तितकं सावरणं अवघड होत जातं.

डॉक्टर काय करतील? त्याच्याशी वेगळं बोलतील, तुमच्याशी वेगळं. झोप, गांजा, घराण्यात कोणाला आजार, फिट्स, कधी डोक्याला मार लागला का, हे विचारतील, गरज वाटली तर रक्ततपासणी करतील, कारण थायरॉईडनं किंवा मेंदूच्या आजारानंही असं होऊ शकतं. निदान झालं नसताना केवळ पुढचा आजार टाळायला म्हणून सायकोसिसच्या गोळ्या सुरू करायच्या नसतात, आधी बोलण्यातून उपचार, झोप लावणं, उदासी किंवा चिंता असेल तर तिचा इलाज. सोबत एक कागद न्या: काय बदललं, कधीपासून, आठवड्यातून किती वेळा. ओपीडीत गर्दी असते, ऐनवेळी काही आठवत नाही.

घरी मात्र त्याच्याशी वाद घालू नका. "कोणी नाही पाहत, येडा का तू" म्हटलं की तो पुढचं सांगणं बंद करतो. हो ला हो पण करू नका. "मला नाही ऐकू आलं, पण तुला भीती वाटत असन ना" एवढं पुरे. मोबाईल हिसकावून काही होत नाही, रात्री दहानंतर घरातल्या सगळ्यांचेच फोन एका जागी ठेवा, बाबांचासुद्धा.

सासूबाईंशी भांडू नका. अंगारा लावायचा तर लावू द्या, देवाला नवस बोलू द्या, पण दवाखाना थांबता कामा नये. आणि मारणं, उपाशी ठेवणं, साखळीनं बांधणं यातलं काहीही नाही. भूत उतरवायच्या नावाखाली असं करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि मानसिक रुग्णाला साखळदंडात ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे.

अजून एक, हे आजच करा. फवारणीच्या बाटल्या कुलपात घाला, किल्ली तुमच्याकडे. आवाज त्याला काही करायला सांगत असेल, तो मरायच्या गोष्टी बोलत असेल, किंवा ताप येऊन अचानक बरळायला लागला, फवारणीहून आल्यावर किंवा धोतऱ्याचं बी पोटात गेल्यावर भान हरपलं, तर ओपीडीचा वार बघू नका, सरळ इमर्जन्सी गाठा. रात्री काही सुचलं नाही तर टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

प्रश्न: आमच्या शाळेत पाचशे विद्यार्थी आहेत. सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेऊन धोका असलेली मुलं आधीच शोधता येतील का? (शिक्षक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर: सर, हेतू चांगला आहे, पण नका करू. कधीतरी आवाज ऐकू येणं, भास होणं हे पोरांमध्ये आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कॉमन आहे, ९ ते १२ वयात साधारण १७ टक्के अन् १३ ते १८ मध्ये सात-साडेसात टक्के. म्हणजे हायस्कूलच्या पाचशे पोरांत पस्तीस-चाळीस नावं निघतील, त्यातल्या बहुतेकांना काही होणार नाही, पण ती यादी स्टाफरूममधून गावात जायला मधली सुट्टी पुरते. या तपासण्या मुळात त्रास होतोय म्हणून मदतीला आलेल्या पोरांसाठी आहेत.

तुम्ही फक्त बदल बघा. मुळातच शांत असलेला पोरगा शांत बसला तर त्यात काय, पण कबड्डीच्या टीममधला पोरगा दोन महिने ग्राउंडवर फिरकत नाही, वहीत अर्धं वाक्य लिहून सोडतो, अंघोळ नाही, "सगळे मलाच हसतात" म्हणतो, त्याला बाजूला घेऊन बोला अन् मग फक्त आईवडिलांना सांगा.

प्रश्न: माझ्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे. मी १७ वर्षांचा आहे. मला पण होईल का? मित्रांसोबत कधीकधी गांजा ओढतो. (नाव नको, वर्धा)

उत्तर: स्किझोफ्रेनिया म्हणजे वर सांगितलेला सायकोसिस ज्यात होतो असा लांब चालणारा आजार. आईवडील किंवा सख्ख्या भावाबहिणीला असेल तर शंभरात साधारण दहा जणांना होतो, एरवी शंभरात एकाच्या आसपास. काका त्याहून लांबचं नातं, त्यामुळे तुझा धोका दहाच्या बराच खाली आहे. पण गांजानं तो वाढतो, लहान वयात सुरू केला आणि वारंवार ओढला तर आणखी. घराण्यात आजार असलेल्यानं तर हात लावू नये, मित्र "नॅचरल आहे" म्हणतील तरी. सोडताना झोप उडाली, चिडचिड झाली तर सेवाग्रामच्या दवाखान्यात मनोविकार ओपीडीला जाऊन ये, आणि काकांबद्दलही तिथं सांग.