‘नुसती लाइटवर होती’

नमस्कार ताई,

मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला, मार्क बरे, आणि तिला जन्मभर नाटकच करायचंय. तिच्या बाबांची अट अशी, की पदवीनंतर दोन वर्षांत मालिकेत दिसली नाही तर बँकेच्या परीक्षा द्यायच्या. दोन वर्षं पुरतील का, असं तुम्ही विचारलंय.

नाही पुरणार. मला मुलीपेक्षा या अटीचीच काळजी वाटते. डॉ. श्रीराम लागू पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजात शिकले, कान-नाक-घशाचे सर्जन झाले आणि पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. तोवर हौशी नाटकं चालूच होती. विशीतल्या पोरीला तारीख दिलीत तर ती तालमी सोडून ऑडिशनच्या रांगेत उभी राहील. मग शिकणार कधी?

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘भूमिकाही मिळाली नाही, नुसती लाइटवर होती, तरी रात्री घरी आली ती उड्या मारतच.’ ताई, हे वाक्य परत वाचा. नाटक म्हणजे अभिनय आणि अभिनय म्हणजे मालिका, असं घरोघरी धरून चालतात. पण प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी, रंगभूषा, व्यवस्थापन हे सगळं असल्याशिवाय पडदा उघडत नाही. दौऱ्यावर तर दर गावी नाट्यगृह वेगळं, रंगमंच लहान-मोठा, दिवे असतील ते. हाताशी काही तास, तेवढ्यात सगळं नव्यानं लावून क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला दिवा बदलायचा ते, बसवायचे. तुमच्या मुलीला याची गोडी लागलीय, आणि तुम्ही मला तिचा चेहरा मालिकेत कधी दिसेल ते विचारताय.

बी.कॉम. पूर्ण होऊ द्या. पुढे नाटक शिकायला पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. पण त्याआधी, या सुट्टीतच, तिनं एखाद्या जाणत्या प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली केबल ओढायला लागावं.

पैशाचं स्पष्ट सांगते. व्यावसायिक नाटकात नाइट मिळते, म्हणजे दर प्रयोगामागे मानधन, महिन्याचा पगार नसतो. प्रायोगिकमध्ये पुष्कळदा पदरचेच जातात. त्यामुळे सुरुवातीला जोडीला नोकरी लागेल. बँकेची परीक्षाही तिनं खुशाल द्यावी, पण नाटकाला पैसे पुरावेत म्हणून, नाटक सोडायची शिक्षा म्हणून नव्हे.

भरत नाट्य मंदिरात तिचा पुढचा प्रयोग असेल तेव्हा बाबांना घेऊन जा. घरी येताना त्यांनी तिला एवढंच विचारावं, अमुक प्रसंगात उजेड कमी का केलास?