माझ्या कादंबरीच्या काल्पनिक जगात देव खरोखर आहेत. मग खेडी भाविक आणि शहरं नास्तिक दाखवली तर पटेल का?

इतकं सरळसोट नाही पटणार. मी नागपूरचा, म्हणून उदाहरणं इकडचीच देतो.

आधी तुमचा नास्तिक कोण ते ठरवा. पावसाचा देव जिथे सगळ्यांदेखत ढग हाकतो, तिथे ‘देव नाही’ म्हणणारा वेडाच ठरेल. तिथला नास्तिक म्हणेल, ‘असशील तू, पण मी तुला मानत नाही.’ १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे दीक्षाभूमीवर लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिलीच अशी, की ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. ते आहेत की नाहीत, हा वाद त्या प्रतिज्ञेत नाहीच. आणि ती घेणाऱ्यांत खेड्यापाड्यांतून आलेले लोक भरपूर होते. गावी परतून कित्येकांनी घरातले देव नदी-विहिरीत सोडले.

खरा फरक मला इथे दिसतो. गावात एकट्यानं देव सोडणं महाकठीण. पोळ्याला तोरणाखाली बैल नेला नाही तरी चर्चा होते. तिथे सोडायचं तर अख्खी वस्ती मिळून सोडते. शहरात माणूस एकटाच गुपचूप सोडतो, शेजाऱ्याला पत्ताही नसतो.

गावचा भाविकही भोळा दाखवू नका, चांगला हिशेबी असतो तो. पाऊस लांबला की काही गावांत महादेव कोंडतात: गाभाऱ्यात पिंड बुडेपर्यंत पाणी भरायचं, पाड म्हणावं आता! ताडोबाचं नावही तारू या गोंड गावप्रमुखावरून आलं, असं सांगतात. वाघाशी झुंजताना तो मेला आणि तळ्याकाठी देव झाला. तिथे वाघ आजही आहे, म्हणून तो देवही कामाचा आहे.

शहरात वाघ नाही, पण परीक्षा आहे, नोकरी आहे. म्हणून स्टेशनजवळच्या टेकडी गणपतीला गर्दी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे बाईचे मोठे पुतळे निघतात, शिवाय महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे टिंगल करणारे पुतळे निघतात. ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडायला आमचे पक्के नास्तिक मित्रही हजर. म्हणून तुमच्या शहरातली देवळं ओस पाडू नका.

आणि पुजाऱ्याचं पोट कशावर चालतं, ते लिहायला बसण्याआधी ठरवा. गावात ते सुगीच्या धान्यावर चालत असेल, तर एका वस्तीनं देव सोडला की त्याच वर्षी त्याची कणगी रिकामी. कथेतलं पहिलं भांडण तिथूनच पेटवा.