शूचं छिद्र खालच्या बाजूला : ऑपरेशन केव्हा?

प्रश्न : माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. त्याच्या शूचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला आहे. धार पायांवर पडते. पुढची कातडीही वरच्या बाजूलाच आहे. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की होईल नीट. एका नातेवाइकांनी तर आत्ताच सुंता करून टाका म्हटलं. गरोदरपणात माझंच काही चुकलं का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो जवळजवळ प्रत्येक आई विचारते. तुमचं काही चुकलेलं नाही. गर्भात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूत्रमार्गाची पन्हळ मिटत मिटत टोकापर्यंत जाते, ती तुमच्या बाळात टोकाच्या अलीकडेच थांबली. याला हायपोस्पेडियास म्हणतात. साधारण दोनशे-तीनशे मुलग्यांत एकाला तो असतो.

सासूबाईंना सांगा, छिद्र वयाबरोबर पुढे सरकत नाही. आणि सुंता मुळीच नको! ती कातडी म्हणजे माझं कापड. ऑपरेशनमध्ये मूत्रमार्गाची नवी नळी शिवायला, निदान तिच्यावर अस्तर घालायला, तीच लागते. एकदा कापून टाकली की गालाच्या आतलं अस्तर काढून आणायची वेळ येऊ शकते.

ऑपरेशन सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. मला स्वतःला मूल धावायला लागण्याआधीच बरं वाटतं. त्याआधी दोन्ही वृषण पिशवीत हाताला लागतात ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. लागत नसतील तर हार्मोन आणि गुणसूत्रांच्या तपासण्या आधी, चाकू नंतर. शिश्नाला बाक किती आहे ते भूल दिल्यावर नीट कळतं. बाक फार असेल तर काम दोन टप्प्यांत होतं, मध्ये निदान सहा महिने जातात.

ऑपरेशननंतर आठवडाभर शू बाहेर यायला मूत्रमार्गात बारीक नळी असते. डायपर दोन घालायचे : आतला शीसाठी, त्याला भोक पाडून नळी बाहेरच्यात सोडायची. लघवीत थोडी लाली दिसली तर घाबरू नका. नळीतून थेंबही येत नाही आणि बाळ कळवळतंय, असं झालं तर मध्यरात्रीसुद्धा फोन करा.

काही मुलांत टाक्यांमधून दुसरीकडूनच शू झिरपू लागते. तेव्हा लगेच पुन्हा ऑपरेशनचा आग्रह धरू नका. सूज उतरून कातडी मऊ व्हायला सहा महिने द्यावे लागतात.

नळी निघाल्यावर घरी धारेचा व्हिडिओ काढून आणा. दवाखान्यात ही मंडळी हटकून शू करत नाहीत.