आधी शर्यत, मग डोंगर

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले आहे, यजमान येत्या वर्षी होतील. मुलगा मागे लागला आहे की एकदा जग बघून या. जुलैत पंधरा दिवस काढून लंडनला विम्बल्डन, फ्रान्सला ती टीव्हीवर दिसते ती सायकलची शर्यत आणि मग आल्प्सचे डोंगर, असं एका खेपेत जमेल का? यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. चालायची सवय दोघांनाही आहे, पण ती कमाटी बागेपुरतीच.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : जमेल, ताई, पण विम्बल्डन गाळा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, फ्रान्सचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) वेगळा. म्हणजे दोन अर्ज, दोनदा बोटांचे ठसे आणि पासपोर्ट एकीकडे अडकला की दुसरीकडे खोळंबा. शिवाय तिकीट सहज मिळत नाही. एक तर कित्येक महिने आधी सोडतीत नाव घालायचं, नाही तर तिथल्या प्रसिद्ध रांगेत उभं राहायचं. सेंटर कोर्टची, म्हणजे तिथल्या मुख्य मैदानाची, त्या दिवशीची तिकिटं बहुधा बाजूच्या पार्कात तंबू ठोकून रात्र काढणाऱ्यांनाच मिळतात. निवृत्तीनंतर तंबूत झोपायची हौस असेल तर ती डोंगरात भागवा.

सायकल शर्यत मात्र सोडू नका. तूर द फ्रान्स 1903 पासून चालू आहे, एकवीस टप्प्यांची असते आणि रस्त्याकडेला उभं राहून बघायला एक पैसा लागत नाही. बघायची ती घाटातच. सपाटीवर दीडशेच्या वर स्वार ‘सुईं’ करून जातात, आपण चष्मा पुसेपर्यंत संपलं! चढावर त्यांचा वेग पडतो, घोळका फुटतो, एकेक जण दमत-दमत पुढून जातो आणि कोणाचा श्वास किती लागलाय तेसुद्धा ऐकू येतं. आल्प द्यूएझ हा त्यातला नामांकित घाट. एकवीस वळणं, आणि आकडे खालून वर उलटे : पायथ्याशी 21, माथ्याजवळ 1. 1952 साली पहिल्यांदा शर्यत इथे चढली तेव्हा इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला. आजवर इथे जिंकलेल्यांची नावं वळणावळणाच्या पाट्यांवर लिहिलेली आहेत. हा घाट दर वर्षी नसतो. पुढच्या वर्षीचा मार्ग साधारण ऑक्टोबरात जाहीर होतो. तो कळला की त्याच आठवड्यात पायथ्याच्या गावी खोली धरा. आल्प द्यूएझसाठी ते गाव म्हणजे बूर द्वाझां, ग्रनोबलहून बसने जाता येतं.

त्या दिवशी घाट गाड्यांना कितीतरी आधी बंद होतो, तेव्हा पायीच चढायचं. माथ्यापर्यंत जायचा हट्ट नको, खालच्या तीन-चार वळणांतलं एक पुरे. आम्ही दोघी बहिणी सकाळीच सावलीची जागा धरून बसलो होतो. शर्यतीच्या दोनेक तास आधी जाहिरातदारांच्या गाड्यांची मिरवणूक येते. त्यातली मुलं टोप्या, किल्ल्यांची कडी, गोळ्या भराभर फेकत जातात आणि एरवी शिस्तीत बसलेली युरोपातली आजी-आजोबा मंडळी त्यासाठी अक्षरशः झेपावतात. माझ्या मांडीत सॉसेजचं पाकीट पडलं. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही! शेजारी घडीची खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांना ते दिलं, त्यांनी लगेच आम्हाला एक ठिपक्यांची टोपी देऊन फिट्टंफाट केली. मग दरीतून हेलिकॉप्टरची घरघर आली, की समजायचं आता स्वार आले.

पहिले गेले की उठू नका. खरी मजा शेवटच्या घोळक्यात असते. सपाटीवरचे जाडजूड मांड्यांचे वीर घाटात मागे पडतात, पण ठरलेल्या वेळेत पोचले नाहीत तर शर्यतीतून बाद. म्हणून एकमेकांना धरून, हिशेब करत चढत असतात. मला तरी पुढच्यापेक्षा हेच बघायला आवडतात. सगळ्यात शेवटी दमून थांबलेल्यांना गोळा करणारी गाडी येते, तिला तिकडे ‘झाडूगाडी’च म्हणतात.

आता क्रम. शर्यत आधी, डोंगर नंतर. शर्यतीची तारीख कोणासाठी हलत नाही. डोंगर ढगात गेला तर उद्या बघता येतो. म्हणून डोंगराकडे एक दिवस मोकळा राखा. ग्रनोबलहून गाड्या बदलत शामोनीला जा, शेवटची छोटी गाडी सॅं-जेर्व्हेहून सुटते. शामोनी 1035 मीटरवर आहे आणि तिथला केबल कार तुम्हाला वीसेक मिनिटांत 3842 मीटरवर, एग्वी द्यु मिदी या शिखरावर नेतो, आल्प्समधल्या सर्वांत उंच माँ ब्लांच्या अगदी समोर. आपलं बडोदं समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरसुद्धा धड नाही! यजमानांच्या डॉक्टरांना हे आकडे दाखवा आणि त्यांनी हो म्हटलं तरच वर जा. मधे 2317 मीटरवर गाडी बदलावी लागते, तिथे तासभर बसून चहा घ्या. वर जुलैतही बोचरी थंडी असते. डॉक्टर नको म्हणाले तर शामोनीजवळच्या फ्लेजेरपर्यंत पाळण्याने जाऊन तिथून लाक ब्लां तळ्यापर्यंत चाला : चढ पावणेपाचशे मीटरचा, पण समोर सगळी हिमशिखरं. मला विचाराल तर एग्वीपेक्षा हेच सुंदर.

सराव पावागडला. रोपवे सोडून माचीपासून पायऱ्यांनी चढा आणि पायऱ्यांनीच उतरा. गुडघे काय ते उतरताना बोलतात.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अहमदाबादच्या व्हिसा केंद्रातल्या तारखा पटकन भरतात, तेव्हा फार थांबू नका. निदान 30,000 युरोंचा आरोग्य विमा लागतोच.

प्रश्न : मी युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला आहे. परदेशात पॅराग्लायडिंग करायचंय, पैसे कमी आहेत.
— एक विद्यार्थी, फतेहगंज

उत्तर : पोखरा. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. सारंगकोटच्या डोंगरावरून उडून फेवा तळ्याकाठी उतरायचं, समोर अन्नपूर्णेची रांग. दिवाळीच्या आसपास जा, पावसाळ्यात काही दिसत नाही. प्रवास विम्याचा कागद मात्र पूर्ण वाच. बऱ्याच विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं.

प्रश्न : युरोपला खाऊ काय न्यावा?
— एक गृहिणी, रावपुरा

उत्तर : भाखरवडी, खाखरे, चिक्की बिनधास्त न्या. पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप नको. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. केसर आंबाही नको, ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. लीलो चेवडो ओला असतो, तो विमान सुटायच्या आधी विमानतळावरच संपवा.