प्रवाळ परिसंस्थेवर शाळेचा प्रकल्प करायचा आहे. माहिती शोधायला कुठून सुरुवात करू?

नववीत आहे असं प्रश्नात लिहिलंयस, म्हणून थेट 'तू'च म्हणतो. कुठेही शोधलं तरी 'प्रवाळभित्ती म्हणजे समुद्रातली वर्षावनं' हे वाक्य आणि खाली माशांची यादी, एवढंच मिळतं, ही तुझी तक्रार रास्त आहे. मी जीवशास्त्र शिकवतो. या विषयाचे प्रकल्प तपासायला येतात, त्यातल्या निम्म्यांची सुरुवात त्याच वाक्यानं होते.

विषय 'परिसंस्था' आहे ना? मग तिथे कोण राहतं यापेक्षा कोण कोणाच्या जिवावर राहतं ते शोध. त्यासाठी एक कोडं हाताशी धर. प्रवाळ वाढतात ते पाणी नितळ असतं, आणि नितळ असतं कारण त्यात पोषकद्रव्यं जेमतेमच असतात. समुद्रतळाचा १ टक्काही भाग प्रवाळभित्तींनी (प्रवाळांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचे थर साचून झालेल्या भिंतींनी) व्यापलेला नाही, तरी सागरी प्रजातींपैकी सुमारे २५ टक्के त्यांच्या आसऱ्यानं राहतात. एवढ्या तोंडांना पुरतं कुठून? याला 'डार्विनचा विरोधाभास' म्हणतात.

उत्तराचा मोठा भाग प्रवाळाच्या अंगातच आहे. प्रवाळ हा प्राणी, जेलीफिशचा भाऊबंद. (वनस्पती लिहिलंस तर गुण गेलेच.) त्यातला एकेक जीव म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरची मऊ पिशवी. वर तोंड, तोंडाभोवती शुंडकं, आणि बूड स्वतःच घडवलेल्या चुनखडीच्या वाटीत बसलेलं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देऊन टाकतं. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत यातून भागू शकते. पॉलिप टाकतो तो कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया शैवालाच्या कामी येतो. घरातलं घरातच फिरत राहतं. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूचाच. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक अंगाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. हेच विरंजन. इथे हमखास चूक होते: पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येऊ शकतं.

'पोवळे' हा शब्द टाकून शोधलंस तर अंगठ्याच समोर येतील. ते लाल पोवळं वेगळं. त्याच्या अंगात हे शैवाल नसतं आणि ते अशा भित्ती बांधत नाही. 'प्रवाळभित्ती' हाच शब्द वापर.

आता परिसंस्था कशी कोसळते, याचं माझं आवडतं उदाहरण. अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचं काळं सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी) असतं. ते खडकावरचं शेवाळ खरवडून खातं. १९८३ च्या सुरुवातीला पनामाजवळ ही सी अर्चिन मरू लागली आणि साधारण वर्षभरात साथ जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरली. बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांहून जास्त मेली. तिथल्याच जमैका बेटाजवळ शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीनं आधीच संपत आले होते, १९८० च्या चक्रीवादळानं प्रवाळ मोडले होते. चरणारं कुणी उरलंच नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे तळाचा सुमारे ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता, तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आला, आणि शेवाळ ४ वरून ९२ टक्क्यांवर गेलं. प्रवाळांवर थेट कुणी कुऱ्हाड चालवली नव्हती! ही साखळी बाण काढून दाखवलीस तर माशांची यादी लागणारच नाही.

अनुतट (किनाऱ्याला लागून), रोधक (किनाऱ्यापासून दूर, मधे पाणी) आणि कंकणद्वीप (मधे बेट नसलेलं कडं) हे भित्तींचे तीन प्रकार अर्ध्या पानात उरक. ज्वालामुखी बेट खचत जातं आणि भोवतीची भित्ती वर वाढत राहते, म्हणून एका प्रकारातून पुढचा बनतो, ही डार्विनची १८४२ मधली कल्पना. १९५२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर विंधन केलं, तेव्हा सुमारे १४०० मीटर चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

स्वतःचं काही घालायचं असेल तर अमेरिकेच्या 'नोआ' (NOAA) या समुद्र-हवामान संस्थेचं 'कोरल रीफ वॉच' उघड. उपग्रहांनी मोजलेल्या समुद्राच्या तापमानाचे नकाशे आणि आलेख तिथे फुकट आहेत. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी किती अंश वर आणि किती आठवडे, याचा गुणाकार ते मांडतात. म्हणजे २ अंश जास्त, २ आठवडे, की झाले ४. साधारण ४ ला विरंजन दिसू लागतं, ८ च्या पुढे प्रवाळ मरू लागतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागाचं २०१६ साल आणि एखादं शांत साल शेजारी शेजारी काढून बघ.

आणि प्रत्येक आकड्यापुढे ठिकाण आणि वर्ष लिही. जमैकाचे ते ९२ टक्के अख्ख्या जगाच्या नावावर खपवलेले मी दोनदा पाहिलेत.