पहिले स्पीकर घेताय? मग आधी हे वाचा
अरे मित्रा, दहा बाय बाराच्या खोलीसाठी डोळे झाकून अ‍ॅक्टिव्ह घे, अ‍ॅम्प म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र आतच असतं, प्लग लावला की गाणं सुरू. पॅसिव्हला अ‍ॅम्प वेगळा, वायरी वेगळ्या, आणि नवखे लोक सगळं बजेट स्पीकरवर उडवून अ‍ॅम्पला फुटकी कवडी ठेवत नाहीत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाशील तर वॉटच्या आकड्याला भुलू नकोस, आपली गाणी फोनमध्ये ने आणि तिथेच ऐक.

पॅसिव्हच घेतलेस तर एवढं बघ:
- ८ ओहमचा (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) स्पीकर बहुतेक अ‍ॅम्पना चालतो, ४ ओहमचा असेल तर अ‍ॅम्पला चालेल का ते आधी दुकानदाराला विचार
- दोन्ही स्पीकरना वायर सारखीच लाव, लालला लाल, काळ्याला काळी, मी एका बाजूची उलटी लावलेली, बेसच गायब, आठवडाभर स्पीकरलाच शिव्या घालत बसलो!

आणि स्पीकर कोपऱ्यात कोंबू नकोस, आवाज घुमतो.