प्रश्न तुमचे: सीडी रायटर नाही, मग लिनक्स टाकायचं कसं?

प्रश्न: आमच्याकडे डेलचा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १० फार स्लो झालंय आणि विंडोज ११ त्यावर चालणार नाही म्हणे. मुलगा म्हणतो लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम) टाका. पण लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह बंद पडलाय, दुकानदार म्हणाला आधी बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर घ्या. तो घ्यायलाच हवा का? आणि बायकोच्या मराठी प्रश्नपत्रिका त्यात उघडतील का? – एक वाचक, बार्शी

उत्तर: अजिबात घेऊ नका! ८ जीबीचा साधा पेनड्राइव्ह बास होतो, आणि खरं सांगायचं तर आता सीडीचा उपयोगही नाही, कारण सीडीत ७०० एमबी मावतं आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची फाइल ३ जीबीच्या आसपास असते. एक काळ होता जेव्हा उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रकाराच्या सीड्या पोस्टाने फुकट घरपोच यायच्या, ती योजना २०११ मध्येच बंद झाली. मुलाचं मात्र बरोबर आहे, विंडोज १० चा नेहमीचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा तशाच मशीनवर बँकेचे व्यवहार करत राहणं मला तरी पटत नाही.

तुमच्यासाठी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे, ४ जीबी रॅमवर आरामात चालते. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (म्हणजे सगळी इन्स्टॉलची डिस्क एकाच फाइलमध्ये) उतरवायची आणि मग रूफस नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर चालवायचं. इथे बहुतेक लोक अडकतात म्हणून नीट वाचा: ती आयएसओ पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही, रूफसने ती पेनड्राइव्हवर 'लिहावी' लागते. रूफसमध्ये वर पेनड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ निवडा, बाकी सेटिंग आहे तसं राहू द्या आणि स्टार्ट दाबा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा, लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका प्लीज. आयएसओ निवडल्यावर रूफसमध्ये बरोबरच्या खुणेचं एक बटण दिसतं, ते दाबलं की फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासायचा आकडा) मिळतो, तो मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळतोय का बघा. नेट मध्येच गेलं असेल आणि फाइल अर्धवट उतरली असेल तर ती इथेच पकडली जाते, नाहीतर इन्स्टॉल करताना मध्येच एरर येते आणि माणूस उगाच लॅपटॉपला दोष देत बसतो.

मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करताच एफ१२ दाबत राहा (एचपी असेल तर एफ९), यादी येईल त्यात पेनड्राइव्ह निवडा. मिंट थेट पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. तेव्हा लगेच इन्स्टॉल दाबायची घाई नको, आधी वायफाय, आवाज, प्रिंटर, कॅमेरा सगळं चालवून बघा. पेनड्राइव्हवरून जरा हळू चालतं, त्यावरून स्पीडचं मत बनवू नका.

आता प्रश्नपत्रिका. मिंटमध्ये लिब्रेऑफिस येतंच, युनिकोड मराठीच्या (म्हणजे मोबाइलवर टाइप करतो तशा मराठीच्या) वर्ड फाइल त्यात उघडतात, टेबलं कधीकधी थोडी सरकतात तेवढं बघावं लागतं. पण शाळांमध्ये अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट सर्रास वापरतात, त्या फाइल उघडल्या की मराठीच्या जागी भलतीसलतीच चिन्हं दिसतील, कारण तो फॉन्टच मिंटमध्ये नसतो. म्हणून बॅकअप घेताना कागदपत्रांबरोबर विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ते फॉन्टही कॉपी करून घ्या आणि मिंटमध्ये टाका, म्हणजे फाइल वाचता आणि छापता येतील. त्याच फॉन्टमध्ये नवीन टायपिंग करायचं तर ते सॉफ्टवेअर विंडोजवरच लागतं, त्यामुळे वहिनींचं काम त्यावर चालत असेल तर इन्स्टॉल करताना विंडोज ठेवून 'शेजारी' बसवायचा पर्याय निवडा, 'सगळी डिस्क पुसा' हा नको. आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबायचं नाही, कितीही खात्री असली तरी!

प्रश्न: विंडोज सुरूच होत नाहीये, घरात दुसरा कॉम्प्युटर नाही, फक्त मोबाइल आहे. पेनड्राइव्ह कसा बनवू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: मोबाइलवरूनच बनवा. अँड्रॉइडसाठी एचड्रॉइड (EtchDroid) नावाचं फुकट ॲप आहे, फोन रूट करणं (त्याची आतली कुलपं उघडणं) वगैरे काही लागत नाही. आयएसओ फोनमध्ये उतरवा, ओटीजी केबलने (फोनला पेनड्राइव्ह लावायची केबल) पेनड्राइव्ह जोडा, ॲपमध्ये फाइल निवडा आणि लिहू द्या. फोन भरपूर चार्ज असू दे आणि मध्ये केबल हलवू नका. झाल्यावर फोन कदाचित म्हणेल पेनड्राइव्ह खराब आहे, फॉरमॅट करू का, तिथे हो म्हणू नका, फोनला ती रचना वाचता येत नाही इतकंच. एक मात्र, बंद पडलेल्या विंडोजमधले फोटो-कागद हवे असतील तर इन्स्टॉल करायच्या आधी मिंट पेनड्राइव्हवरून चालू करून ते बाहेर काढून घ्या, डिस्क धड असेल आणि लॉक केलेली नसेल तर फाइल दिसतात.

प्रश्न: जुना कोअर टू ड्युओ पीसी आहे, बूटच्या यादीत पेनड्राइव्ह दिसतच नाही. – एक वाचक, भुसावळ

उत्तर: पेनड्राइव्ह आधी लावून मग पीसी चालू करा, आणि बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) हार्ड डिस्कच्या प्रायॉरिटीची वेगळी यादी असते ती उघडा, जुन्या बोर्डांत पेनड्राइव्ह बऱ्याचदा तिथे लपलेला असतो, त्याला वर आणा. तरीही नाही जमलं तर पीसीची हार्ड डिस्क काढून मित्राच्या साध्या बायॉसवाल्या (म्हणजे तशाच जुन्या पद्धतीच्या) पीसीला लावा, त्याची स्वतःची डिस्क आधी काढून ठेवा म्हणजे चुकून पुसली जाणार नाही, तिथे लिनक्स टाका आणि डिस्क परत आणून लावा. विंडोज असं हलवलं की कटकट करतं, लिनक्स मात्र सुरू होताना हार्डवेअर स्वतः ओळखतं, त्यामुळे बहुतेक वेळा काहीच न करता चालू होतं.